मशिनच्या पोटातला फोम आणि अमेरिकेतले डॉलर

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : आदरणीय वकीलताई, स. न. वि. वि. मी भिलवडीचा (ता. पलूस) निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६७. झोपेत श्वास थांबतो म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) केली आणि सीपॅप मशिन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावायला सांगितलं. २०१८ साली सांगलीतल्या एका दुकानातून ५२ हजारांना घेतलं, पैसे चेकने दिले. तेव्हापासून रोज रात्री लावतो, गुण चांगला आहे. फिल्टर आणि मास्कही त्याच दुकानातून आणतो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र सकाळी नळीत बारीक काळी पूड दिसते. घसा खवखवतो, कोरडा खोकला आहे. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो म्हणाला, 'मामा, ही मशिनं कंपनीने केव्हाच परत मागवलीत. आतला फोम झडतो. इथे लोकांनी दावे लावून कोट्यवधी डॉलर घेतले.' मी दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, 'ते अमेरिकेतलं, इकडं त्याचा काही संबंध नाही. जुनं मशिन आणून द्या गुरुजी, नव्यात पाच हजार कमी करतो.' बिल २०१९ च्या महापुरात ट्रंकेसकट गेलं. मशिन बोटीत बसताना काखेत होतं म्हणून वाचलं. त्या डॉलरमध्ये माझा काही हक्क निघतो का? इथे केस करता येईल का, की मुदत गेली? भाचा म्हणतो, तिकडे वकील आधी पैसे घेत नाहीत, मिळाल्यावर टक्केवारी घेतात. तसं कोणी इथे मिळेल का?

— एक वाचक

उत्तर : गुरुजी, डॉलरचं आधी संपवते, म्हणजे पुढचं उत्तर शांतपणे वाचाल. त्या पैशात तुमचा वाटा नाही.

भाचा सांगतोय ते खोटं नाही. तो म्हणतो ते प्रकरण फिलिप्सचं. (तुमच्या पत्रात मशिनच्या कंपनीचं आणि दुकानाचं नाव आहे. मी दोन्ही गाळलीत. एकाच बाजूचं पत्र वाचून कुणाचं नाव छापू नये. फिलिप्सचं प्रकरण मात्र कोर्टाच्या आणि सरकारी कागदांत जाहीर आहे, त्यावर मोकळेपणाने लिहिते.) १४ जून २०२१ ला या कंपनीने स्वतःच जाहीर केलं, की आपल्या सीपॅप, बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशिन) आणि काही व्हेंटिलेटरमधल्या फोममध्ये दोष आहे. मशिनच्या मोटरचा आवाज दबावा म्हणून आत पॉलियुरेथेनचा एक फोम बसवलेला असतो. तो कालांतराने झिजतो, त्याचे काळे कण सुटतात, आणि हवा त्याच वाटेने जात असल्याने ते कण नळीतून नाकातोंडात जाऊ शकतात. शिवाय त्यातून काही वायूही बाहेर पडतात. उष्ण, दमट हवेत हे लवकर होतं आणि ओझोनवर चालणाऱ्या साफसफाईच्या यंत्रांनी आणखी वाढतं, असं कंपनीनेच सांगितलं होतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, या रिकॉलला, म्हणजे माल परत मागवण्याला, सगळ्यात गंभीर, पहिल्या वर्गात घातलं. जगभरातली पन्नास लाखांहून जास्त यंत्रं त्यात आली. त्यांच्या ड्रीमस्टेशन या मशिनची पहिली पिढी यादीत आहे, ड्रीमस्टेशन २ नाही. नावं सारखी असल्याने इथेच लोकांची गफलत होते.

आता पैसे. अमेरिकेत समझोते दोन झाले आणि फोनवर दोन्हींचं एकच गाठोडं होतं. पहिला २०२३ चा, किमान ४७.९ कोटी डॉलरचा. तो फक्त मशिनच्या किमतीच्या नुकसानीपोटी होता. त्यात ड्रीमस्टेशन वापरणाऱ्याला मिळत होते ५५ डॉलर ६३ सेंट, आणि जुनं मशिन परत केलं तर वर १०० डॉलर. तेव्हाच्या भावाने सगळे मिळून तेरा हजारांच्या आसपास रुपये. त्याचे अर्ज ९ ऑगस्ट २०२४ ला बंद झाले. दुसरा समझोता एप्रिल २०२४ चा, ११० कोटी डॉलरचा. तो शारीरिक इजा आणि वैद्यकीय तपासणीच्या दाव्यांसाठी, आणि तोही अमेरिकेतल्या दाव्यांपुरता. पैसे देताना कंपनीने चूक वा जबाबदारी कबूल केलेली नाही, हेही समझोत्यात नमूद आहे. सांगलीत चेकने घेतलेलं मशिन यातल्या कशातच बसत नाही. 'भारतातल्या पेशंटचे पैसे मिळवून देतो, आधी नोंदणीचे अमुक भरा,' असा फोन किंवा व्हॉट्सअॅप आला तर सरळ कट करा.

टक्केवारीचंही इथेच सांगते. अमेरिकेत वकिलाला तशी फी घेता येते. आपल्याकडे बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांनी फी निकालावर अवलंबून ठेवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा मागायला बंदी आहे. त्यामुळे 'आधी काही नको, मिळाल्यावर निम्मे द्या' म्हणणारा कुणी भेटला, तर तो स्वतःचाच नियम मोडतोय हे लक्षात ठेवा.

दुकानदाराचं 'इकडं त्याचा काही संबंध नाही' हे मात्र चूक आहे. समझोता अमेरिकेपुरता असला तरी दोषाची सूचना अमेरिकेपुरती नव्हती. अमेरिकेत तिला रिकॉल म्हणाले, बाहेरच्या देशांसाठी त्याच दिवशी सुरक्षा सूचना निघाली. इथलं मशिन काही वेगळ्या मातीचं केलेलं नसतं. तुमचं मशिन त्या यादीतलं असेल, तर तुमचा हक्क इथल्या कायद्याने निघतो आणि तो मागायला भिलवडीहून सांगलीच्या पुढे जावं लागत नाही.

तेव्हा आधी मशिन उपडं करा. पाण्याची टाकी काढून ठेवा, नाहीतर पाणी आत जाईल. तळाशी पांढरं किंवा करडं स्टिकर असेल. त्यावर मॉडेलचा नंबर, 'एसएन' या अक्षरांपुढे सिरियल नंबर, आणि एक छोटं कारखान्याचं चित्र, धुराडी असलेलं. त्या चित्राशेजारची तारीख म्हणजे मशिन बनल्याची तारीख. सात वर्षांच्या पुसापुशीत अक्षरं उडाली असतील तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा, उमटतात. सीपॅपचं खोकं अजून माळ्यावर असेल तर फार उत्तम, कारण आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता असतो आणि तो आपल्याला लागणार आहे. खोकंही पुरात गेलं असेल तर दुकानाकडून लेखी मागायचं. त्या सिरियल नंबरसकट कंपनीच्या भारतातल्या ग्राहक सेवेला ईमेल करा. हे मशिन सुरक्षा सूचनेत येतं का, येत असेल तर दुरुस्ती की बदली, आणि मला आजवर का कळवलं नाही, एवढे तीनच प्रश्न विचारा. फोनवरचं उत्तर उपयोगाचं नाही, ते नंतर कुणाला आठवत नाही.

मशिन मात्र दुकानात देऊ नका. पाच हजारांच्या सवलतीत तुमचा सगळा पुरावा जाईल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सावळजकडचे दोन शेजारी द्राक्षबागायतदार आले होते. एकाच दुकानातलं एकच औषध फवारून दोघांचे घड करपलेले. एकाने बाटली तळाशी उरलेल्या औषधासकट ठेवली होती, बॅच नंबर स्पष्ट वाचता येत होता. दुसऱ्याने रागारागाने विहिरीच्या कडेला फोडली होती. नुकसान दोघांचं सारखंच, प्रयोगशाळेत मात्र एकाचंच औषध गेलं. तुमचं मशिन ही तुमची बाटली आहे. बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे 'उघडून फोम काढून देतो' म्हणतात, तेही करू देऊ नका. वस्तूत फेरफार झाला असेल तर उत्पादन दायित्वाचा (सदोष वस्तूने झालेल्या अपायाच्या भरपाईचा) दावा अडतो, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ मध्ये तसा अपवादच आहे.

काळी पूड धुऊन टाकायच्या आधी पांढऱ्या कागदावर झटका, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून फोटो घ्या, पूड झिपच्या पिशवीत घालून तारीख लिहा. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण कुठून सुरुवात झाली ते दाखवते. मशिनमधलं मेमरी कार्डही काढून जपा. रोज किती तास वापर झाला याची नोंद त्यात असते. सात वर्षं नियमाने वापरलंत हे तुम्ही तोंडाने सांगण्यापेक्षा त्या कार्डाने सांगणं बरं.

बिल गेलं म्हणून केस जात नाही. चेकने पैसे दिलेत ना? बँकेतून त्या महिन्याचं खातं काढा, दुकानाच्या नावाची नोंद मिळेल. डॉक्टरांची चिठ्ठी आणि स्लीप स्टडीचा रिपोर्ट दवाखान्यातून पुन्हा मिळतो. शिवाय दुकानदाराकडे बिलाची नक्कल रजिस्टर पोस्टाने मागा. जीएसटी कायद्यात व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरायच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. तुमचं बिल त्या मुदतीच्या कडेला आलेलं आहे, म्हणून हे पत्र या आठवड्यातच टाका.

आता मुदतीचा खरा गुंता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करायची असते. समोरचा वकील उठून पहिलं वाक्य हेच म्हणेल : मशिन २०१८ चं, सूचना जून २०२१ ची, तक्रार आत्ता कशी? कोरोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तो धरला तरी जून २०२१ पासून मोजणारा २०२४ च्या फेब्रुवारीअखेर थांबतो. आपलं म्हणणं वेगळं राहील. दोष आत लपलेला होता, तो दिसला गेल्या पावसाळ्यात. सूचना काढली असेल, पण ती तुमच्यापर्यंत कुणी पोचवली नाही. ज्याला सांगितलंच नाही त्याच्यावर घड्याळ कसं चालवणार? हा मुद्दा चालण्यासारखा आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. तक्रारीसोबतच विलंब माफीचा वेगळा अर्ज द्या. त्याच कलमात पुरेसं कारण दाखवल्यास उशीर माफ करायची सोय आहे. आणि एक गैरसमज, जो शिकलेल्या माणसांतही फार आहे : वकिलाची नोटीस पाठवली की मुदत वाढते. अजिबात वाढत नाही. नोटिशीच्या उत्तराची वाट बघत बसलेल्यांच्या फायली मी पुष्कळ पाहिल्यात.

मागायचं काय, हे ठरवताना डोकं थंड ठेवा. तुमच्या पत्रात शेवटी कॅन्सरची भीती आहे (ती ओळ मी वर छापली नाही). एफडीएकडे जानेवारी २०२४ पर्यंत या फोमबद्दल १ लाख १६ हजारांवर तक्रार-अहवाल आले, त्यांत ५६१ मृत्यूंचे उल्लेख होते. आकडा अंगावर येतो, पण अहवाल आला म्हणजे मृत्यू फोमनेच झाला असं ठरत नाही, हे त्या खात्यानेही सांगितलंय. कॅनडा आणि फ्रान्समध्ये हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही मशिनं वापरणाऱ्यांत इतर कंपन्यांची वापरणाऱ्यांपेक्षा कॅन्सर जास्त दिसला नाही. कंपनीही आपल्या चाचण्या दाखवून म्हणते, की लक्षणीय अपाय होण्याची शक्यता कमी. एफडीएला त्या चाचण्या पुरेशा वाटल्या नाहीत, तो त्यांचा वाद. पण तुम्ही तक्रारीत 'मला पुढे कॅन्सर होईल' असं लिहिलंत, की समोरच्याच्या हातात हे सगळे कागद आलेच. मग तुमची जी बाजू भक्कम आहे तीही त्या गर्दीत चेंगरते.

तुमची भक्कम बाजू वेगळीच आहे, आणि ती तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलात. फिल्टर आणि मास्क त्याच दुकानातून आणता. म्हणजे जून २०२१ नंतरही तुम्ही त्या काउंटरपुढे उभे राहत होता, त्याच मशिनचं नाव सांगून फिल्टर मागत होता, आणि पलीकडच्या माणसाने एकदाही सांगितलं नाही. २०१९ च्या कायद्यातल्या कलम ८४ मध्ये सदोष वस्तू बनवणारा किंवा वापराच्या पुरेशा सूचना न देणारा उत्पादक जबाबदार धरला जातो, आणि कलम ८६ मध्ये उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना वस्तू विकताना ग्राहकापर्यंत न पोचवणारा विक्रेता. आयातदारही या कायद्यात विक्रेत्यातच मोडतो. तेव्हा फोनपे, गुगल पे जे काही वापरता त्यातल्या २०२१ च्या जूननंतरच्या त्या दुकानाच्या नोंदी छापून घ्या. शंभर-दोनशे रुपयांच्या त्या फिल्टरच्या नोंदी मला ५२ हजारांच्या बिलापेक्षा मोलाच्या वाटतात.

समोरचा म्हणेल, खरेदी २०१८ ची, तेव्हा उत्पादन दायित्वाचं प्रकरण कायद्यातच नव्हतं, नवा कायदा जुलै २०२० पासून आला. म्हणून तक्रारीत दोन्ही पाय ठेवा. सदोष वस्तू हा मुद्दा १९८६ च्या जुन्या कायद्यातही होता, नव्यातही आहे. सूचना न दिल्याचा मुद्दा २०२१ नंतरचा, म्हणजे नव्या कायद्याच्याच काळातला. तक्रारीचा गाभा अशा साध्या वाक्यांत लिहा : 'सदर मशिनमधील फोम सदोष असल्याचे उत्पादकाने दि. १४ जून २०२१ रोजी जाहीर केले. त्यानंतरही सामनेवाला विक्रेत्याने मला वेळोवेळी फिल्टर विकले, परंतु सदर दोषाबाबत कळविले नाही. त्यामुळे मी सदोष मशिन वापरत राहिलो.' हे अर्थातच मशिन यादीत असल्याचं लेखी उत्तर आल्यावर. खाली मागणी : मशिनची किंमत व्याजासह किंवा बदली मशिन, घशा-खोकल्याच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च बिलांसह, मानसिक त्रासाची माफक रक्कम, आणि तक्रारीचा खर्च. माफक म्हणजे खरंच माफक. पंचवीस लाख मागणाऱ्याची तक्रार वाचताना आयोगाचे सदस्य कपाळाला आठ्या घालतात, हे मी समोर बसून पाहते.

पूर्ण ५२ हजार मिळतील असंही धरून चालू नका. सात वर्षांच्या वापराचे पैसे वजा करा, असं ते म्हणणारच. त्यावर तुमचं उत्तर एवढंच, की सूचना २०२१ लाच मिळाली असती तर मशिन तेव्हाच बदललं असतं. हिशेब तिथपर्यंतचा करा.

खोकल्यासाठी छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि मशिन सोबत घेऊन जा. 'मशिनमुळेच' असा दाखला मागू नका, कुठलाही प्रामाणिक डॉक्टर तो सरसकट देणार नाही. काय आढळलं, कधीपासून, आणि मशिन बदलल्यावर फरक पडला का, एवढं केसपेपरवर आलं तरी पुष्कळ.

दाखल कुठे? सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या किमतीवर धरतात, ५० लाखांपर्यंत, आणि किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावायची सक्ती नाही. (हे मी लिहितेय म्हणून माझे सहकारी रागावतील.) ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं, पण शपथपत्र नोटरी करून स्कॅन करायला घरातल्या कुणाला तरी बोलवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली तर कधी कधी कंपनी तिथेच बोलणी करते. ते करा, पण मुदतीवर डोळा ठेवून. कायद्यात निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडतात, तयारी तशी ठेवा. तपासणीसाठी मशिन प्रयोगशाळेत पाठवा असा अर्ज तक्रारीसोबतच द्या, तिची फी आयोग तुम्हाला भरायला सांगू शकतो.

आणखी एक काम, पैशाशी संबंध नसलेलं. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवायला केंद्र सरकारने २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू केलाय. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत तो चालतो, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर. रुग्णालाही नोंद करता येते. अमेरिकेत असे लाखावर अहवाल गेले. आपल्याकडे पेशंट खोकत घरी बसतो आणि दुकानदार म्हणतो, इकडं काही नाही.

प्रश्न : मॅडम, मी कोरेगाव तालुक्यातून लिहिते. माझे मिस्टर ट्रकवर आहेत, पुणे-बंगळूर रोडवर गाडी असते. त्यांना दोन वर्षांपासून सीपॅप आहे. यूट्यूबवर व्हिडिओ बघून त्यांनी मशिन कपाटात ठेवलं. म्हणतात, विष हुंगायचं नाही, आणि आता केस करून पैसे घेऊ. झोप अर्धवट होते, दिवसा डुलक्या येतात. मशिन वेगळ्याच कंपनीचं आहे, काय करू?

उत्तर : ताई, वेगळ्या कंपनीचं असेल तर फिलिप्सच्या फोमशी तुमचा संबंधच नाही. केस कसली करणार? रिकॉल त्या कंपनीच्या ठरावीक मॉडेलचा होता, सगळ्या सीपॅपचा नव्हे. ज्यांची मशिनं यादीत होती त्यांनाही एफडीएने आधी डॉक्टरांशी बोला, मगच उपचार बदला किंवा थांबवा असंच सांगितलं होतं. मशिन बंद ठेवल्याने कुणाचा दावा मोठा होत नाही. उलट समोरचा विचारतो, की डॉक्टरांना न सांगता उपचार का सोडले.

आणि डुलक्या घेत खंबाटकी घाट उतरणाऱ्या ट्रकचा प्रश्न ग्राहक आयोगात सुटत नाही. उद्या अपघात झाला तर यजमानांवर गुन्हा नोंद होईल. आज रात्री मशिन कपाटातून बाहेर निघू दे. शंका असेल तर डॉक्टरांकडे घेऊन जा, फिल्टर बदला, नळी-मास्क साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. ओझोनचं साफसफाईचं यंत्र कुणी विकायला आलं तर घेऊ नका. मालकाला सांगून दोन-चार दिवस गाडी दुसऱ्याकडे देता आली तर तीही द्या.

प्रश्न : कोरोनानंतर विट्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून १८ हजारांना जुनं बायपॅप घेतलं. त्यांच्याकडचे आजोबा वारले होते. आता कळलं की मॉडेल त्या यादीतलं आहे. त्यांच्यावर दावा करता येईल का? — खानापूर तालुक्यातील वाचक

उत्तर : त्या कुटुंबावर नाही. ते व्यापारी नाहीत, घरातली वस्तू एकदा विकली म्हणून ग्राहक कायद्यात ते 'विक्रेता' होत नाहीत. त्यांनाही बहुधा काही माहीत नसणार, आणि आजोबा गेलेल्या घरी नोटीस धाडायचं मी तुम्हाला सुचवणार नाही.

कंपनीकडे मात्र जा. रिकॉल मशिनच्या सिरियल नंबरवर चालतो, मालक बदलला म्हणून नंबर बदलत नाही. फोम बदलून सिलिकोनचा बसवला होता का, हे त्या नंबरवरून कंपनीला सांगता यायला हवं. लेखी विचारा. मूळ बिल त्या कुटुंबाकडे असेल तर झेरॉक्स आणि 'मशिन अमक्याला दिलं' अशी दोन ओळींची चिठ्ठी सही करून घ्या, पुढे लागेल. तोवर घरात ते कोण वापरतंय त्यांना डॉक्टरांकडे न्या. बायपॅपचे दाब त्या आजोबांसाठी लावलेले असतील, तुमच्या पेशंटसाठी कुणी बदलले होते का, हे पत्रात कुठे दिसत नाही, आणि मला फोमपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते.